भिंतीवरची लांब फळी

बंगळूर शहराच्या वायव्य भागात मल्लेश्वरम ही जुनी वस्ती आहे. ज्या काडु मल्लेश्वर मंदिरावरून तिला हे नाव मिळाले, त्या मंदिराशी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांचे नाव निगडित असून तेथे १६६९ सालचा शिलालेख आहे. आजची वस्ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखली गेली आणि १८९८ च्या प्लेगनंतर ती झपाट्याने वाढली. येथे आडरस्त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात व ते क्रमांकाने ओळखले जातात. त्यांपैकी अठराव्या क्रॉसवर एक संस्था आहे. म्हैसूर संस्थानाने १९३८ मध्ये वनसंशोधन प्रयोगशाळा म्हणून ती सुरू केली. १९५६ मध्ये ती केंद्र सरकारकडे गेली, आणि १९८८ पासून ती लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. लाकूड कोणत्या झाडाचे आहे हे ओळखणे, ते सुकविणे, किडीपासून राखणे आणि त्याचे गुणधर्म मोजणे ही तिची कामे होत.

या संस्थेच्या परिसरातील घरांत, आणि आता भारतातील बहुतेक शहरांत, एक नवी आवड रूढ झाली आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर पाच-सहा फूट लांबीची एकच फळी बसवायची, आणि तिला खालून आधार दिसू द्यायचा नाही. फळी जणू अधांतरी तरंगते आहे असे वाटले पाहिजे. कल्पना दिसते तेवढी नवी नाही. महाराष्ट्रातील जुन्या स्वयंपाकघरांत कडप्प्याच्या लाद्या भिंतीत चिणून बसवीत. त्यांनाही खाली आधार नसे. फरक इतकाच की ती लादी भिंत बांधतानाच तिच्यात घेतली जाई व वरच्या विटांचे सारे वजन तिचे मागचे टोक दाबून धरी. आजची फळी तयार भिंतीला मागाहून जोडली जाते. या एका फरकात तिच्या बहुतेक अडचणींचे मूळ आहे.

फळी करवून घेणारा मनुष्य सुताराला पहिला प्रश्न विचारतो तो लाकडाचा. साग घ्यावा की शिसव? वास्तविक हा प्रश्न शेवटचा असावयास हवा. फळीवर ओझे किती येणार, दोन आधारांमध्ये अंतर किती, फळीची जाडी किती आणि भिंत कशाची, या चार गोष्टी ठरल्या की लाकडाचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

प्रथम ओझे. पुस्तके किती जड असतात याचा अंदाज बहुधा चुकतो. साध्या कागदावर छापलेल्या पुस्तकांची एक ओळ दर मीटर लांबीला सुमारे ३० किलोग्रॅम भरते. गुळगुळीत कागदावरचे चित्रग्रंथ किंवा जाड कोश असतील तर ती ४० च्याही पुढे जाते. म्हणजे १८० सेंटीमीटर लांबीच्या भरलेल्या फळीवर ५४ किलोग्रॅम वजन येते. सागाची ३८ मिलिमीटर जाड व २५ सेंटीमीटर रुंद अशी तेवढीच लांब फळी स्वतः सुमारे ११ किलोग्रॅम भरते. एकूण ६५ किलोग्रॅम, म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन, आणि तेही अहोरात्र लटकलेले. अशा फळीखाली पलंग किंवा पाळणा ठेवण्यापूर्वी एवढा एक आकडा आठवला तरी पुरे.

आता अंतर व जाडी. दोन टोकांना टेकवलेल्या फळीवर सारखे ओझे पसरले असता ती मध्ये किती वाकेल, हे गणिताने सांगता येते. लांबी दुप्पट केली तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. कारण लांबीबरोबर ओझेही वाढते. उलट जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. सुकलेल्या सागाची १९ मिलिमीटर जाड, २५ सेंटीमीटर रुंद फळी पुस्तकांनी भरली असता ९० सेंटीमीटर अंतरात सुमारे दीड मिलिमीटर वाकते. हे डोळ्यांना जाणवत नाही. तीच फळी १२० सेंटीमीटरवर सुमारे साडेचार मिलिमीटर वाकते आणि १८० सेंटीमीटरवर तेवीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच. हा झाला पहिल्या दिवसाचा बाक. लाकूड सततच्या ओझ्याखाली हळूहळू नमत जाते. काही वर्षांनी मूळ बाकाच्या दुप्पट बाक दिसला तर नवल नाही. भुशाच्या दाबीव तक्त्यात हा दोष सर्वांत अधिक. त्याचा ताठरपणा सागाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका असतो व तो नमतोही लवकर. चकचकीत कागद चिकटविलेल्या अशा तयार फळ्या दुकानात सरळ दिसतात, परंतु पुस्तकांसाठी लांब फळी म्हणून त्या घेऊ नयेत.

येथे बळ आणि ताठरपणा यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. बळ म्हणजे मोडेपर्यंत ओझे सोसण्याची शक्ती. ताठरपणा म्हणजे न वाकण्याची. पुस्तकांची फळी क्वचितच मोडते. ती वाकते. म्हणून येथे प्रश्न ताठरपणाचा आहे.

अधांतरी फळीला मात्र दोन टोकांचा टेकू नसतो. तिच्या मागच्या कडेतून पोलादी गज भिंतीत गेलेले असतात. किंवा भिंतीला लाकडी पट्टी स्क्रूने जोडून तिच्यावर पोकळ पेटीसारखी फळी सरकविलेली असते. गज ४० सेंटीमीटर अंतराने बसविले, तर लांबीच्या दिशेने येणारा बाक जवळजवळ नाहीसा होतो. मग फळीला कसले भय? भय पुढे झुकण्याचे. सगळे ओझे भिंतीच्या पुढे असते आणि धरून ठेवणारी जागा फक्त मागच्या कडेला, फळीच्या जाडीएवढ्याच उंचीत, असते.

पट्टीच्या फळीचे उदाहरण घेऊ. ६५ किलोग्रॅम वजन २५ सेंटीमीटर रुंदीच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून साडेबारा सेंटीमीटरवर आहे असे धरले, आणि पट्टीला वरचा स्क्रू व खालची कड यांमध्ये तीन सेंटीमीटरच उंची मिळाली, तर वरच्या ओळीतील स्क्रूंवर मिळून सुमारे २७० किलोग्रॅमची ओढ येते. तेच ओझे २० सेंटीमीटर उंचीच्या साध्या लोखंडी ब्रॅकेटवर ठेवले असते तर ही ओढ ४० किलोग्रॅमच्या आसपास राहिली असती. ब्रॅकेट दिसू नये या हौसेची ही किंमत. यावरून जाड फळीचा खरा उपयोगही कळतो. ३८ किंवा ५० मिलिमीटर जाडी लाकूड वाकू नये म्हणून घ्यायची नसते; तीमुळे भिंतीला पकड घेण्यास जागा मिळते.

रुंदीबाबतही हाच विचार लागू होतो. मराठी पुस्तक साधारण चौदा सेंटीमीटर रुंद असते. त्याच्यासाठी २० सेंटीमीटरची फळी भरपूर झाली. तीस सेंटीमीटरची फळी ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून घेतली जाते, आणि मग पुस्तकांच्या पुढे फुलदाणी, रेडिओ, लहान मूर्ती अशा वस्तू येऊन बसतात. त्या भिंतीपासून सर्वांत दूर, म्हणजे सर्वांत अहितकारक जागी असतात. पुस्तके भिंतीला टेकवून ठेवली तर ओढ चांगलीच कमी होते.

भिंतीचा विचार करताना मल्लेश्वरमची घरे उपयोगी पडतात, कारण तेथे दोन्ही प्रकारच्या भिंती शेजारी शेजारी आढळतात. जुन्या कौलारू घरांच्या भिंती जाड असून विटा-चुन्याच्या आहेत. वीट चांगली असते, परंतु वरचा चुन्याचा गिलावा कित्येकदा दोन सेंटीमीटरहून अधिक जाड व ठिसूळ असतो. गज गिलाव्यात किती गेला हे मोजायचे नसते. विटेत दहा सेंटीमीटर गेला पाहिजे. शिवाय विटांमधील सांधा टाळून विटेच्या अंगातच भोक घ्यावे. नव्या इमारतींत पोकळ सिमेंट ठोकळ्यांच्या भिंती येतात. त्यांत दोन-तीन सेंटीमीटर जाडीच्या कवचापलीकडे पोकळी असते. गजाची झुकाव सोसण्याची शक्ती भिंतीतील खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दहाऐवजी तीन सेंटीमीटर पकड मिळाली तर ती शक्ती दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. अशा भिंतीवर पुस्तकांची अधांतरी फळी बसवूच नये. ब्रॅकेट लावावे, किंवा फळीचे ओझे जमिनीवर नेणारे उभे खांब द्यावेत. सुतार ‘बसते की’ म्हणेल. बसते, हे खरे आहे. प्रश्न दहा वर्षांचा आहे.

चांगल्या विटेच्या भिंतीत १८० सेंटीमीटरच्या फळीला १२ मिलिमीटर व्यासाचे पाच गज पुरतात. दोन्ही टोकांपासून दहा-दहा सेंटीमीटर सोडून ते समान अंतरावर घ्यावेत आणि फळीच्या आत निदान पंधरा सेंटीमीटर जाऊ द्यावेत. आणखी एक गोष्ट: लांब फळी भिंतीचा खोटेपणा उघडा पाडते. जुनी भिंत मध्येच फुगलेली असते. दोन फुटांच्या फळीत ते लपते, सहा फुटांच्या फळीत मागे फट दिसते. फळीची मागची कड भिंतीच्या वळणाप्रमाणे रेघ मारून रंधून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ रुंदीत एक सेंटीमीटर जादा ठेवणे शहाणपणाचे.

इतके झाल्यावर लाकूड. भारतीय लाकडांच्या गुणांची तुलना सागाशी करण्याची पद्धत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत रूढ झाली. सागाचा प्रत्येक गुण १०० धरून इतर लाकडांचे आकडे देतात. तेथील लाकूड-परीक्षणात व्ही. डी. लिमये यांचे काम पायाभूत मानले जाते. ही कोष्टके पाहिली असता साग बळात किंवा ताठरपणात पहिला नाही, असे आढळते. ऐन सागाहून जड आहे आणि ताठरपणात त्याच्या तोडीचा आहे. सागाचे श्रेष्ठत्व निराळे आहे. तो आकार टिकवितो. हवा दमट झाली की लाकूड फुगते, कोरडी झाली की आकसते. सागात हा फेर कमी, ऐनात बराच अधिक. लांब फळी पिळली, तर ती भिंतीपासून सुटू लागते, म्हणून हा गुण येथे मोलाचा आहे. तरीही सागसुद्धा सुकलेला हवा. पावसाळी कोकणातून आणलेली २५ सेंटीमीटर रुंदीची फळी बंगळूरच्या कोरड्या हवेत दीड-दोन मिलिमीटर आकसू शकते. गाभ्याचे गडद लाकूड घ्यावे. कडेचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी त्याला कीड लागते.

मोठ्या रुंदीची सागाची अखंड फळी आता दुर्मीळ आहे, आणि तिचा आग्रहही नको. दोन-तीन पट्ट्या कडेला कड चिकटवून केलेली फळी अखंड फळीपेक्षा कमी वाकडी होते. पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळयांचे सागवान उत्तम. ते पुरते सुकलेले असते. मात्र खिळे व वाळवीची पोखरण नीट पाहावी.

सागाला पर्याय बरेच आहेत. फणस, ज्याच्यापासून दक्षिणेत वीणा घडवितात, पिवळसर, रंध्यास सोपा व देखणा. कोडगू आणि चिकमगळूरच्या कॉफीमळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक चांगला सुकविला तर फळ्यांस योग्य ठरतो. केरळातील रबराच्या झाडाचे लाकूड, चीक देण्याचे वय संपल्यावर, तुकडे जोडून तक्त्यांच्या रूपाने बाजारात येते. ते बोरिक आम्ल व टाकणखाराच्या द्रावणाने संस्कारित केलेले असले पाहिजे, नाहीतर बारीक भुंगेरे त्याचे पीठ करतात. आंब्यालाही हीच काळजी हवी. ही लाकडे सागाहून कमी ताठर म्हणून नाकारली जातात. गणित वेगळे सांगते. एखाद्या लाकडाचा ताठरपणा सागाच्या तीनचतुर्थांश असेल, तर जाडी केवळ दहा टक्क्यांनी वाढविल्याने तूट भरून निघते: ३८ मिलिमीटरच्या जागी ४२. एका सुताहून थोडे अधिक लाकूड, आणि जंगलातील जुना साग किंवा शिसव वाचतो.

फळी बसविल्यावर पाणसळ लावून पाहावी व पुढची कड एक-दोन मिलिमीटर उचललेलीच ठेवावी, म्हणजे पुस्तके आल्यावर ती समपातळीत येते. गजांसाठी फळीत घेतलेली भोके जाडीच्या बरोबर मध्यावर असावीत आणि टोकांपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर. तसे असल्यास चार-पाच वर्षांनी फळी थोडी नमली, तर पुस्तके उतरवून ती ओढून काढावी व पालथी करून त्याच गजांवर पुन्हा बसवावी.