कालामांचा प्रश्न

कोसल देशात केसपुत्त नावाचं गाव होतं. कालाम नावाचे लोक तिथे राहत. गावात श्रमण येत, ब्राह्मण येत. प्रत्येक जण आपल्या मताचा गौरव करी आणि दुसऱ्याचं मत खोडून काढी. एक गेला की दुसरा येई आणि पहिल्याची टर उडवी. ऐकणारे कालाम गोंधळून गेले. गौतम बुद्ध गावात आले तेव्हा कालामांनी त्यांना मोकळेपणानं विचारलं: यांच्यापैकी खरं कोण बोलतो आणि खोटं कोण?

अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथाच्या तिक निपातातल्या एका सुत्तात हा प्रसंग आहे. बुद्धांनी प्रथम काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी कालामांच्या शंकेला दोष दिला नाही. जिथे शंका यायला हवी तिथेच ती आली आहे, असं त्यांनी सांगितलं. 'मी सांगतो तेच खरं' असंही ते म्हणाले नाहीत. त्यांनी कालामांच्या हाती एक कसोटी दिली.

दहा आधार, दहाही अपुरे

केवळ ज्यांच्या भरवशावर एखादी गोष्ट स्वीकारू नये, असे दहा आधार बुद्धांनी मोजून सांगितले. ऐकीव माहिती, पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, लोकांत पसरलेली वदंता आणि धर्मग्रंथातला उल्लेख हे पहिले चार. बोलणाऱ्याची छाप आणि 'हा आमचा गुरू आहे' ही भावना हे शेवटचे दोन. एवढे सहा आपल्याला चांगले आठवतात. भाषणांत, पुस्तिकांत, भिंतीवरच्या फलकांत तेच सांगितले जातात.

मधले चार मात्र बहुतेक वेळा गळून पडतात. निव्वळ तर्क, अनुमान, वरवरच्या लक्षणांवरून बांधलेला अंदाज आणि आपल्या आधीच्या मताशी जुळतं म्हणून पटणं, हे ते चार. म्हणजे बुद्धांनी ग्रंथावर आणि गुरूवर जितका अविश्वास दाखवला, तितकाच आपल्या लाडक्या मतांवरही दाखवला. श्रीलंकेतले भिक्खू सोम थेर यांनी या सुत्ताला स्वतंत्र विचाराची सनद म्हटलं आणि ते नाव जगभर रूढ झालं. पण ही सनद 'तुम्हाला वाटेल ते माना' असं सांगत नाही. मनाला पटलं एवढ्यानं गोष्ट खरी ठरत नाही, हे तिचं अर्धं सांगणं आहे आणि ते आपल्याला अधिक झोंबणारं आहे.

मग कसोटी कोणती?

बुद्धांनी चार गोष्टी तपासायला सांगितल्या. शिकवण कुशल आहे की अकुशल? ती सदोष आहे की निर्दोष? सुज्ञ माणसं तिची निंदा करतात की प्रशंसा? आणि ती आचरणात आणली तर हित होतं की अहित? तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यायला हवं. स्वतः जाणायचं, पण एकट्यानं आणि हट्टानं नाही. ज्यांचं जगणं आपण पाहिलं आहे, अशा विचारी माणसांचं मतही या परीक्षेत धरायचं.

पुढचा संवाद प्रश्नोत्तरांचा आहे. माणसाच्या मनात लोभ उपजतो तो त्याच्या हिताचा की अहिताचा? कालाम म्हणतात, अहिताचा. द्वेष? मोह? तेही अहिताचेच. यांनी पछाडलेला माणूस जीव घेतो, चोरी करतो, परस्त्रीकडे जातो, खोटं बोलतो आणि दुसऱ्यालाही तसंच करायला लावतो. कालामांना हे कोणी पढवावं लागलं नाही. उत्तर त्यांच्याच अनुभवात होतं, बुद्धांनी फक्त प्रश्न विचारले.

शेवटी बुद्ध चार आश्वासनं सांगतात. निर्वैर आणि मैत्रीपूर्ण मनानं जगणाऱ्या माणसाला, परलोक असेल तर तिथे चांगली गती मिळेल, नसेल तर इथेच तो सुखात जगेल. पापाचं फळ मिळत असेल तर त्यानं पाप केलेलंच नाही, मिळत नसेल तरीही तो शुद्धच आहे. मरणानंतर काय, याचा निकाल लागेपर्यंत चांगुलपणा अडून राहत नाही.

गुरूही परीक्षेला बसतो

ही कसोटी बुद्धांनी स्वतःलाही लावून घेतली. मज्झिम निकायातल्या वीमंसक सुत्तात ते सांगतात की तथागताचीही परीक्षा करावी. त्याचं वागणं डोळ्यांनी पाहावं, बोलणं कानांनी ऐकावं, त्यात मलिनता आहे का ते दीर्घकाळ तपासावं आणि मगच श्रद्धा ठेवावी. आणखी एका प्रसंगात निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, श्रीमंत उपासक उपाली वाद जिंकायला आला आणि बुद्धांचा अनुयायी व्हायला निघाला. तेव्हा बुद्धांनी त्याला घाई न करता नीट विचार करायला सांगितलं. शिवाय निगंठांना त्याच्या घरी मिळणारी भिक्षा बंद करू नको, असंही बजावलं. अनुयायी जमवण्याची हाव असलेला माणूस असं बोलत नाही.

आपल्यातले दोन परीक्षक

ही परंपरा मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी 1876 साली गोव्यातल्या सांखवाळ इथे जन्मले. शालेय शिक्षण जेमतेम, काम नारळाच्या बागायतीचं. 'बालबोधमेवा' या मासिकातलं बुद्धचरित्र वाचून त्यांना ओढ लागली. 1899 मध्ये त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी करत ते नेपाळला पोचले. तिथला बौद्ध धर्म पाहून त्यांची निराशा झाली, पण शोध थांबला नाही. 1902 मध्ये ते श्रीलंकेत गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले. या शोधाची किंमत मागे राहिलेल्या पत्नीनं आणि तान्ह्या मुलीनंही मोजली, हे विसरता कामा नये.

मूळ ग्रंथ वाचल्यावर कोसंबींनी लाडक्या कथाही तपासल्या. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी नाकारली. आईवडील रडत असताना आपण गृहत्याग केला, असं बुद्ध स्वतः अरियपरियेसन सुत्तात सांगतात, याकडे त्यांनी 'भगवान बुद्ध'मध्ये लक्ष वेधलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, ती अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मूळ इंग्रजी ग्रंथाची सुरुवातच प्रश्नांनी होते. एकोणतीस वर्षांच्या तरुणानं तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलंच नव्हतं, हे शक्य आहे का? आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादाशी त्यांनी सिद्धार्थाचा गृहत्याग जोडला. जो धर्म स्वीकारायचा त्यालाच त्यांनी आधी प्रश्न विचारले आणि तो आपलासा करताना एकही प्रश्न लपवला नाही. श्रद्धेचा याहून मोठा सन्मान मला माहीत नाही.

आजचं केसपुत्त

आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक केसपुत्त आहे. सकाळी एक महाराज, दुपारी एक प्रेरक वक्ते, रात्री ध्यानाचं नवं तंत्र. प्रत्येक जण आपलं मत उजळवतो आणि दुसऱ्याचं झाकोळतो. अशा वेळी बुद्धांनी कालामांना विचारले तसे प्रश्न हाताशी ठेवावेत. या शिकवणीनं माझा लोभ कमी झाला की त्याला पवित्र नाव मिळालं? परक्या माणसाबद्दलचा माझा राग निवळला की वाढला? प्रश्न विचारल्यावर गुरू समजावतात की भीती घालतात? वर्षभरानंतर घरच्यांना माझ्यासोबत राहणं सोपं झालं आहे का?

या परीक्षेला वेळ लागतो आणि ती कोणी आपल्या वतीनं देऊ शकत नाही. तिच्यात काही शिकवणी टिकतील, काही सोडाव्या लागतील, आणि सोडताना दुखेलही. पण जे उरेल ते उसनं नसेल. संकटात ते आपल्या उपयोगी पडेल, कारण ते खरं आहे हे आपण जगून पाहिलेलं असेल.