हातचा एक

बेरीज करताना ‘हातचा एक’ म्हणावयाचे, हे मराठी मुलाला पिढ्यान्‌पिढ्या शिकविण्यात येत आहे. सत्तावीस आणि आठ यांची बेरीज मांडली, की सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, उत्तर पस्तीस. उत्तर बरोबर येते आणि आईबापांचे समाधान होते. तथापि हा ‘एक’ कोणाच्या हातचा, तो आला कोठून, आणि एक म्हटला तरी त्याची किंमत दहा कशी, असे त्याच मुलाला विचारले तर ते बहुधा गोंधळून जाते. रीत पाठ झालेली असते. अर्थ मात्र हाती लागलेला नसतो. पहिली-दुसरीच्या वर्गात चिंचोके, मणी, काड्या आणि वाळू यांना जे स्थान देण्यात येते, ते हा अर्थ मुलाच्या हाती यावा म्हणूनच होय.

सुशिक्षित घरांतून याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. ‘शाळेत मुले नुसती खेळतात, वह्या पाहाव्यात तर कोऱ्या.’ तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु तिचा निकाल वह्या पाहून लागावयाचा नाही. त्यासाठी मुलांचे हात काय करीत आहेत, हे पाहावयास हवे.

भिंगारचेच उदाहरण घ्यावे. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर. त्या शहराजवळचे हे जुने गाव. भुईकोट किल्ला जवळच, आणि गावाला लागून लष्कराची छावणी. अशा गावातील पहिलीच्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले असावयाचीच. त्यांच्या शेजारी बदलीवर आलेल्या शिपायाचे हिंदी बोलणारे मूल, किंवा विणकामाच्या धंद्यामुळे नगरकर झालेल्या तेलुगुभाषक पद्मशाली घरातील मूल बसलेले आढळले तर नवल नाही. गुरुजींनी ‘पंचवीस’ म्हटले, की कित्येक मुले पाटीवर ५२ लिहितात. यात मुलांचा आळस नाही. मराठी शब्दात पाच आधी उच्चारले जातात आणि वीस मागून येतात. लिहिताना मात्र दोनाचा अंक आधी लिहावयाचा असतो. हिंदी ‘पच्चीस’ची गत तीच. तेलुगूत ‘इरवै ऐदु’ म्हणजे सरळ ‘वीस पाच’. त्या घरच्या मुलाला शाळेतला शब्द उलटा वाटला, तर त्याचे काय चुकले?

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाचा समावेश केला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला आणि तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले. भाषेची मोडतोड होते, असे विरोधकांचे म्हणणे होते. शब्द कोणता ठेवावा, याविषयी दोन मते असू शकतील. परंतु कोणताही शब्द ठेवला, तरी तो कशाचे नाव आहे हे मुलाला दाखवावे लागतेच.

ते दाखविण्यास खराट्याचे हीर पुरेत. बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि मुलांनी दहा-दहा मोजून दोऱ्याने गठ्ठे बांधावेत. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडल्या, की त्याला कोणी पंचवीस म्हणो वा वीस पाच म्हणो, वस्तू एकच आहे. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. तसेच अंक लिहावयाचे. ‘एकोणतीस’ हा शब्दही येथे उलगडतो. तीन गठ्ठे मांडून त्यांतून एक काडी उपसावयाची. एकाने उणे तीस, ते एकोणतीस. ज्या शब्दाने मुलाला अडविले होते, तोच आता त्याला वाट दाखवितो.

आता ‘हातचा’ पाहावा. दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या, त्यांत आणखी आठ सुट्या मिळविल्या. सुट्या झाल्या पंधरा. त्यांतील दहा वेचून मूल नवा गठ्ठा बांधते, आणि क्षणभर तो गठ्ठा खरोखरीच त्याच्या हातात असतो. हाच तो हातचा एक. एक काडी नव्हे, एक गठ्ठा. म्हणून त्याची जागा सुट्यांत नाही, गठ्ठ्यांत आहे. वजाबाकीत याच्या उलट घडते. सुट्या काड्या अपुऱ्या पडल्या, की एका गठ्ठ्याचा दोरा सोडावयाचा. दोरा स्वतः सोडलेल्या मुलाला दशक मोडणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

हे शब्दांनी का साधू नये? त्याचे उत्तर बालमनाच्या घडणीत आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी दाखवून दिलेली गोष्ट कोणत्याही घरी पडताळून पाहता येते. पाच वर्षांच्या मुलापुढे सात-सात चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडाव्यात. मग त्याच्या देखत एक ओळ पसरून लांब करावी. पुष्कळ मुले सांगतात, की लांब ओळीत चिंचोके अधिक आहेत! शंभरापर्यंत आकडे म्हणणारे मूलही असे सांगू शकते. जागा बदलली तरी संख्या बदलत नाही, हे ज्ञान सांगून येत नाही. मांडणे, सरकविणे, पुन्हा मोजणे यांतून ते सावकाश पिकते.

ही कल्पना परकी किंवा खर्चिक आहे, असा समज मात्र होऊ नये. पंतोजींच्या शाळेतील मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत असे. अक्षराचे वळण डोळ्यांआधी बोटाला कळत असे. पुढे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरीबाईंची लाकडी साधने श्रीमंत शाळांनाच परवडणारी होती. ताराबाई १९४५ साली बोर्डीस गेल्या. पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी पाने, बिया, खडे आणि शिंपले यांतूनच साधने घडविली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचारही त्याच कामातून आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळ व कृती यांवर भर दिला. महाराष्ट्रात त्याची वाट पूर्वीच पडलेली होती.

तक्रारीतील खरा भाग आता पाहावयास हवा. वस्तू हातात दिल्या म्हणजे शिक्षण झाले, असे नाही. प्रश्नावाचून दिलेले मणी हे केवळ मणीच राहतात. ‘किती आहेत?’ यापुढे जाऊन ‘कसे कळले?’, ‘आणखी एक आला तर?’ असे विचारणारा शिक्षक हवा. वस्तूवरून चित्र, चित्रावरून अंक, आणि शेवटी वस्तूवाचून मनातल्या मनात हिशेब, अशी पायरी चढत गेली पाहिजे. जी शाळा काड्यांवरच थांबते, तीही मुलाला अपुरेच शिकविते. पाठांतरही टाकाऊ नाही. समजलेले पाढे पाठ असणे हे मोठेच भांडवल आहे. मात्र समज आधी, पाठांतर मागून.

घरची जबाबदारीही येथेच येते. एके काळी धान्य मापाने मोजले जाई, आणि मापे टाकणाऱ्या आजीजवळ बसून मूल मोजणी शिकत असे. आज धान्य बंद पिशवीतून वजनासह येते. पूर्वी घर नकळत देत असलेले हे शिक्षण आता हेतुपूर्वक द्यावे लागते. ताटे मांडताना माणसे मोजावीत. भाकरीचे अर्धे आणि पाव मुलाकडूनच करवावेत. शेंगांतले दाणे दहा-दहांच्या वाट्यांत घालवावेत. याला पैसा लागत नाही, थोडी सवड मात्र लागते.

पहिली-दुसरीत अर्थावाचून रीत गिरविणारे मूल तेव्हा मागे पडलेले दिसत नाही. ते मागे पडते चौथी-पाचवीत, भागाकार आणि अपूर्णांक आल्यावर. आणि तोवर ‘मला गणित येतच नाही’ अशी त्याची समजूत होऊन बसलेली असते. ही समजूत पुसणे फार कठीण. ती होऊच नये म्हणून सहाव्या-सातव्या वर्षी मुलाची वही काही काळ कोरी राहिली, तर ते नुकसान मानू नये. त्याने बांधलेले गठ्ठे एकदा त्याच्याकडूनच सोडवून पाहावेत, आणि ‘हे कसे केलेस?’ एवढे विचारावे. त्याच्या उत्तरावरून त्याची प्रगती वहीपेक्षा अधिक खात्रीने कळेल.