शरणपूर ते रबाई : नाशकात वाढलेले मुक्त गुलाम

आपल्या इंदूरवरून जाणारा आग्रा रोड पुढे नाशकाला पोहोचतो. तिथला शरणपूर रोड अनेकांच्या पायाखालचा आहे. पण हे ‘शरण’ कोणाला मिळालं, हे फारसं कोणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांतून अरबस्तानाकडे विकायला नेत. ब्रिटिश आरमार अशी गलबतं अडवी आणि सुटलेली मुलं मुंबईत उतरवी. आई-बाप, गाव सगळं तुटलेलं. त्यातली बरीच मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वस्तीत आली. ही वस्ती विल्यम प्राइस या पाद्र्याने 1854 च्या सुमारास उभी केली होती. मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवत. आफ्रिकेच्या इतिहासात यांना ‘नाशिक बॉइज’ म्हणतात.

त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1 मे 1873 ला संशोधक लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा जेकब तिथे होता. सोबत सुसी आणि चुमा. चुमाला 1861 मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलं होतं, आणि तो काही काळ मुंबईत शिकलाही होता. या मंडळींनी लिव्हिंगस्टनचं हृदय झाडाखाली पुरलं. जेकबने खोडावर अक्षरं कोरली. मग देह मीठ लावून, उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. अंतर सुमारे 1500 मैल, म्हणजे 2400 किलोमीटर. इंदूर-नाशिक साधारण 400 धरलं तर त्याच्या सहापट, तेही पायी! तापाने, आजाराने वाटेत माणसं गेली. देह इथेच पुरा, असं एका इंग्रज अधिकाऱ्याने सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोला पोहोचले.

ही गोष्ट गाजली. मला मात्र विल्यम जोन्सची जास्त मोलाची वाटते. तोही सुटलेला गुलाम, नाशकात शिकलेला. पुढे मोंबासाजवळ रबाईला तो मिशनचं काम बघू लागला. त्या किनाऱ्यावर तेव्हा गुलामी कायदेशीर होती, आणि मळ्यांतून पळालेले लोक रबाईत आसऱ्याला येत. त्यांना ठेवून घेणं म्हणजे मालकांशी उघड वैर, हल्ल्याची भीती. तरी जोन्सच्या काळात तिथे पळून आलेल्यांची वस्ती वाढत गेली. 1888 मध्ये मालकांनी आपली माणसं परत मागितली, तेव्हा हा आकडा चौदाशेच्या घरात होता. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि 1 जानेवारी 1889 ला या लोकांना मुक्ततेचे दाखले मिळाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पैसे मिळाले मालकांना. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबून घाम गाळला, त्यांना फक्त कागद. आणि त्या किनाऱ्यावर गुलामीची कायदेशीर मान्यता संपायला 1907 उजाडलं. तोवर पळून जाणं, आणि पळालेल्याला दार उघडणारा कोणी भेटणं, हाच बहुतेकांसाठी स्वातंत्र्याचा खरा रस्ता होता. रबाईत ते दार उघडणाऱ्याला स्वतःला पहिला आसरा मिळाला होता आपल्या नाशकात.