गाण्यामागच्या नावांचं काय झालं?

ऐकण्याची गोष्ट : लेखांक ९

मागच्या लेखात आपण एमपी३ची घडण पाहिली. कानाला एरवीही जाणवत नाही तो भाग गाळून सीडीवरचं गाणं सुमारे अकराव्या हिश्शात कसं बसवतात, ते समजून घेतलं. आज त्या गाण्याला जोडलेल्या नावांकडे वळू. डिजिटल काळात आपलं ऐकणं किती बदललं, हे आवाजापेक्षा या नावांतून जास्त कळतं.

रेडिओवर गाणं लागण्याआधी निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगत. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला कागद असे, एलपीच्या कव्हरवर तबला-हार्मोनियमच्या साथीदारांचीही नावं असत. ऐकता ऐकता ती पाठ होत. सीडीच्या कव्हरवरही ती छापलेली होती, पण तबकडीवरच्या माहितीत साधारणपणे फक्त आवाज आणि प्रत्येक गाणं कुठे सुरू होतं याची नोंद असे. त्यामुळे सीडी संगणकात घातली की पडद्यावर ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ एवढंच दिसे. १९९३ मध्ये सीडीडीबी हा सामायिक नोंदसंग्रह सुरू झाला. गाण्यांच्या लांबीवरून तबकडी ओळखायची आणि कुणा श्रोत्याने आधी टाइप केलेली नावं दाखवायची, अशी त्याची रीत होती.

एमपी३ फायलीतही सुरुवातीला नावांना ठरलेली जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केंप यांनी ती करून दिली. फायलीच्या शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडायची, तिचं नाव आयडी३. तिची वाटणी अशी होती : ओळखखुणेला ३ बाइट, गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. तीन मिनिटांच्या गाण्याची फाइल तेव्हा साधारण ३० लाख बाइटांची होत असे. त्यातले १२८ बाइट हाच गाण्याचा सगळा परिचय.

या पट्टीत गीतकाराला आणि संगीतकाराला रकानाच नव्हता. पाश्चात्त्य पॉप संगीतात बँड आणि अल्बम सांगितला की गाणं सापडतं, त्यामुळे तिथे हे खपून गेलं. आपल्याकडे काय झालं ते ‘गीतरामायणा’वरून पाहा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली ही ५६ गीतं ग. दि. माडगूळकरांनी लिहिली आणि सुधीर फडक्यांनी संगीतबद्ध केली. फडक्यांच्या स्वरातल्या ध्वनिमुद्रणाची फाइल केली, तर कलाकाराच्या रकान्यात फडके येणार. मग ज्यांच्या शब्दांवर हे सगळं उभं आहे, त्या माडगूळकरांना कुठे बसवायचं?

संगीतप्रकाराच्या मूळ यादीत ८० नावं होती. ‘क्लासिकल’ होतं, ‘एथनिक’ होतं. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, अभंग यांपैकी एकही नव्हतं. रागाला आणि तालाला रकाना नव्हताच. गाण्याच्या क्रमांकालाही नव्हता. तो १९९७ मध्ये शेऱ्याचे दोन बाइट कापून काढला. एका ख्यालाच्या विलंबित आणि द्रुत अशा दोन फायली असल्या, तर नावं रोमन लिपीत आणि लावणी वर्णक्रमाने. ‘डी’ ‘व्ही’च्या आधी, म्हणून द्रुत आधी वाजायची आणि विलंबित मागून! तासभर राग उलगडत नेणाऱ्या गायकावर याहून मोठा अन्याय कोणता?

१९९८ मध्ये आयडी३ची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात गीतकार आणि संगीतकार यांना स्वतंत्र रकाने मिळाले, देवनागरीचीही सोय झाली. पण रकाने होऊनही ते भरण्याची सवय लागली नाही. एकाच गायकाचं नाव कुठे ‘पंडित’सह, कुठे ‘पं.’सह, तर कुठे नुसतंच लिहिलं गेलं, आणि संगणकाच्या लेखी ती तीन माणसं झाली. पुढे गाणी ॲपवर गेली, तरी दर्शनी भागात ठळक दिसतो तो गायक किंवा चित्रपट. २०२० मध्ये स्वानंद किरकिरे, कौसर मुनीर, वरुण ग्रोवर आणि इतर गीतकारांना ‘क्रेडिट दे दो यार’ हे गाणंच काढावं लागलं, ते याच दुखण्यामुळे.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. ॲपवर आपण नावानेच गाणं शोधतो. ज्याची नोंद नाही, ते असूनही सापडत नाही. एका कवीच्या गाण्यावरून त्याच्या दुसऱ्या गाण्याकडे, एका संगीतकाराच्या चालीवरून त्याच्या दुसऱ्या चालीकडे जाण्याची वाट तिथेच बंद होते. पूर्वी दुर्मीळ असलेली कितीतरी ध्वनिमुद्रणं आज खिशातल्या फोनवर मिळतात, हे डिजिटल तंत्राचं फार मोठं देणं आहे. ते नीट घ्यायचं, तर नावं जपावीच लागतील.

हे काम आपल्या हातातलं आहे. घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेत असाल, तर आतला कागद फेकू नका. त्याचा फोटो काढा आणि गीतकार, संगीतकार, राग, साथीदार ही माहिती फायलीच्या रकान्यांत देवनागरीत भरा. म्युझिकब्रेन्झ या खुल्या नोंदसंग्रहात कुणालाही अशी भर घालता येते. आणि मुलांना गाणं ऐकवताना, ते कोणी लिहिलं आणि चाल कोणाची, हे सांगितल्याशिवाय सुरू करू नका.

(पुढील लेखांकात : पुढचं गाणं ॲप कसं निवडतं?)