जाळातून पाणी!

एक गंमत करून बघायची? मग घरातल्या मोठ्या माणसाला हाताशी घ्या, कारण गॅस त्यांनीच पेटवायचा आहे. स्टीलचं पातेलं घ्या आणि त्यात नळाचं साधं पाणी ओता. फ्रिजमधलं नको हं, नाहीतर हवेतलीच वाफ बाहेरून जमेल आणि आपली फसगत होईल. पातेलं बाहेरून फडक्याने खडखडीत पुसा, गॅसवर ठेवा आणि थोडं लांब उभं राहून त्याच्या बाहेरच्या बाजूकडे बघत राहा.

काय झालं? बुडाजवळचं चकचकीत स्टील एकदम धुरकट झालं ना? नीट बघा, ते पाण्याचे बारीक बारीक थेंब आहेत. पातेलं तापलं की उडूनही जातील.

पातेल्याला भोक नाही, बाहेरून आपण ते पुसून घेतलेलं. मग हे पाणी आलं कुठून? आलं जाळातून! आगीवर पाणी ओततात हे आपल्याला माहीत आहे, पण आगच पाणी तयार करते म्हणजे काय?

तुमच्याकडे पाइपलाइनचा गॅस असेल तर तो असतो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एक अणू आणि त्याला चिकटलेले हायड्रोजनचे चार अणू. पेटवल्यावर हवेतला ऑक्सिजन या जोडीत घुसतो. कार्बन आणि ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड होतो, आणि हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी! जुळणी होताना बाहेर पडते ती उष्णता. त्याच उष्णतेवर आपला वरणभात शिजतो. हिशेब तर आणखी मजेदार आहे. एक किलो मिथेन जळायला चार किलो ऑक्सिजन लागतो आणि तयार होतं सव्वादोन किलो पाणी. एवढं पाणी आपल्याला दिसत का नाही? कारण ते वाफ होऊन हवेत मिसळून जातं. गार पातेलं दिसलं की त्यातली थोडी वाफ तिथे थेंब होऊन बसते, आणि चोरी पकडली जाते.

सिलिंडरचा गॅस मात्र वेगळा. त्यात असतात प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांच्यातही हायड्रोजन आहे, त्यामुळे आपला प्रयोग तिथेही जमतो. कोळशात हायड्रोजन फारच थोडा, जळणारा भाग बहुतेक कार्बनच. म्हणून एकाच मापाची वीज बनवायची तर कोळशातून नैसर्गिक वायूच्या जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय राख आणि काजळी वेगळीच.

आता हा वायू येतो कुठून ते बघू. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव मेले, तळाशी गाळात गाडले गेले. त्यांच्यावर थरांवर थर चढले. दाब वाढला, उष्णता वाढली आणि त्या जीवांच्या अवशेषांचं हळूहळू तेल आणि वायू झाला. खडकाखाली वायूचं तळं असतं असं पुष्कळांना वाटतं, पण तसं काही नसतं. अनरशाला जाळी पडते तशी काही खडकांना बारीक छिद्रं असतात. वायू त्या छिद्रांत भरून राहतो. वर घट्ट, बिनछिद्रांचा खडक असला की तो तिथेच अडकतो.

असाच जाळीदार चुनखडक मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली आहे. १९७४ साली समुद्राच्या तळावर पाय रोवून खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ नावाच्या यंत्रमंचाने तिथे भोक पाडलं आणि तेल लागलं. तेच ‘मुंबई हाय’. तेलासोबत वायूही होता. दोन वर्षांनी वसईच्या समोरच्या समुद्रात तर वायूचाच मोठा साठा सापडला. हा वायू समुद्राच्या तळावरून टाकलेल्या नळांतून रायगडमधल्या उरणला आणि गुजरातमधल्या हजिराला पोचतो. तिथे त्यातली घाण, पाणी आणि जड वायू वेगळे काढतात. मग काही वायू वीजकेंद्रांत जातो, काही शहरांत, काही कारखान्यांत. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात तर त्यातल्या हायड्रोजनपासून आधी अमोनिया आणि मग युरिया बनवतात. म्हणजे समुद्राखालचा वायू शेवटी शेतातल्या पिकाच्या मुळाशीही जातो!

शहरात शिरण्याआधी त्याला एक गोष्ट मुद्दाम दिली जाते, ती म्हणजे वास. मिथेनला ना रंग, ना वास. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी एका शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत वायू गळत राहिला. कुणाला पत्ताच लागला नाही. एक ठिणगी पडली आणि स्फोटात जवळपास तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर वायूत मर्कॅप्टन नावाचा घाणेरड्या वासाचा पदार्थ मिसळणं सक्तीचं होत गेलं. आपल्याला ‘गॅसचा’ म्हणून जो वास येतो, तो खरं तर या मर्कॅप्टनचा.

मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून गळला तर वर छताकडे जातो. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचून राहतो. हलका वायू जागा फार खातो, मग रिक्षात तो कसा मावणार? त्याला हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबून टाकीत भरतात. तोच सीएनजी. परदेशातून बोटीने आणायचा असेल तर उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. मग ६०० बादल्या वायू एका बादलीत मावतो! असा द्रव वायू उतरवून घेण्याचं एक बंदर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळजवळ आहे.

मग नैसर्गिक वायू अगदी गुणाचा पुतळा का? नाही. जळताना तो कोळशापेक्षा बरा, पण कार्बन डायऑक्साइड सोडतोच. न जळता हवेत गळला तर आणखी वाईट. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून धरतो. आणि कोट्यवधी वर्षांत साठलेलं हे धन आपण काही पिढ्यांत संपवायला निघालो आहोत. म्हणून सूर्य आणि वाऱ्याची वीज पुरेशी होईपर्यंत तो जपून वापरायचा.

आणि हो, घरात कधी तो घाणेरडा वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दाबू नका, चालू नाही आणि बंदही नाही. मोठ्यांना हाक मारा, गॅसचा कॉक बंद करायला सांगा, दारं-खिडक्या सताड उघडा आणि सगळे बाहेर पडा. मदतीसाठी फोनही बाहेर गेल्यावरच करा.