करंट कुठे अडला?

ऑक्टोबर 2023 अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हौशी मालकांच्या खासगी पद्मिनी मात्र अजून बाहेर निघतात, आणि त्यातली एखादी ऐन सिग्नलला बंद पडते. मालकाचा पहिला संशय कार्बोरेटरवर. जाणता मेस्त्री आधी करंट बघतो.

कुर्ल्यात बनलेल्या या 1089 सीसी इंजिनाचं इग्निशन मुळात अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगचं. 1910च्या सुमारास कॅडिलॅकसाठी त्यानं ते बसवलं. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमधून वाहतात, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हे सेकंदाला 100 वेळा घडतं. एवढ्या उघडझापीत पॉइंट झिजणारच.

मेस्त्री डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या मधली जाड वायर उपसतो, रबरी मुठीच्या पकडीनं तिचं टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरतो आणि सेल्फ मारायला सांगतो. निळी, कडक ठिणगी तटतट उडाली तर कॉइल-पॉइंट ठीक. दोष पुढे, रोटर, कॅप किंवा प्लगांमध्ये. पावसाळ्यात तर कॅप आधी पुसावी. तडा गेलेल्या कॅपमध्ये ओल शिरली की करंट प्लगकडे जायचं सोडून तिथेच पसरतो. ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल तर मागे यायचं. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावून इंजिन फिरवलं की दिवा लुकलुकायला हवा. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटले तरी मळामुळे करंट जात नाही.

सगळ्यात दगाबाज भाग कंडेन्सर. बोटाएवढी ही डबी पॉइंटवरची ठिणगी शोषते. ती गेली की पॉइंट जळून काळेनिळे पडतात. मालक नवे पॉइंट घालतो आणि काही दिवसांत तेही जळतात. कधी इंजिन तापल्यावरच ती दगा देते आणि थंड झालं की गाडी शहाण्यासारखी सुरू होते. म्हणून जुना, चालता कंडेन्सर कुणी फेकू नये. बाजारातल्या नव्या डबीपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे.

हल्ली पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. गाडी गुळगुळीत चालते, यात वाद नाही. पण किट गेलं की रस्त्याकडेला पॉलिश पेपरनं घासून त्याला जागं करता येत नाही, त्यामुळे असे मालकही डिकीत जुन्या पॉइंटचा सेट ठेवतात.