भंगारातून सायकल जुळवताना

गावात कुणाच्या गोठ्यात जुनी हर्क्युलस (टीआय सायकल्स, मद्रास, स्थापना १९४९) किंवा सोनीपतची ॲटलस (१९५१) सापडली, तर आधी फ्रेम आणि चिमटा बघा. ते सरळ असतील तर बाकीचं जुळवता येतं. खरा घोळ चाकांत होतो. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. हब आणि रिमची भोकं त्याच हिशेबाने हवीत. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतून घासतात, म्हणून तिथे नवी साधी रिम चालत नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तेव्हा ते सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवा. पायडलच्या दांड्याची कॉटर पिन गंजली असेल तर रात्रभर रॉकेल मुरू द्या. ठोकताना नट टोकाशी राहू द्या, नाहीतर आटे चेपतात. जुना रंग मात्र खरवडू नका. त्यावरच्या सोनेरी रेघा नव्याने ओढणारा हात आता सहज मिळत नाही.